बिनपंख्यांचा हॉल

कट्… कट्… कट्…

वीज आली आणि पलंगावरचा पंखा पुन्हा बोलायला लागला. तोवर घर इतकं गप्प होतं की सुखदाला आपल्याच पेन्सिलीची कागदावरची कुरकुर ऐकू येत होती. ऋचा हातपाय चार दिशांना फेकून झोपली होती. पलीकडच्या खोलीत सासूबाईही लवंडल्या होत्या. मे महिन्यातल्या जबलपूरच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही. अशा दुपारी मूल झोपलं की आईच्या हाती जे लागतं त्याला वेळ म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

सुखदानं श्वास रोखून आधी पंख्याकडे आणि मग ऋचाच्या पापण्यांकडे पाहिलं. पापणी थरथरली, विचार करून पुन्हा मिटली. सुखदानं पंख्याला मनातल्या मनात एक शिवी दिली, चार माणसांत खपेल अशीच, आणि समोरच्या नकाशात जिथं पंख्यांची संख्या लिहायची असते तिथं मोठ्या समाधानानं एक गोल काढला. शून्य!

स्नेहसंवर्धन मंडळाची नवी वास्तू. शहराच्या अगदी मधोमध, गोल बाजाराच्या गर्दीला पाठ टेकून उभी राहणारी. सभागृह, वाचनालय, नाटकाचं स्टेज, मुंजी-बारशांची सोय, आणि यातल्या कशालाही पंखा नाही. एसी तर नाहीच नाही. पनागरच्या भट्टीतल्या विटांच्या जाड दुहेरी भिंती, गच्चीवर पांढराशुभ्र चुना, जमिनीखालून जाणारी एक लांब नळी, जिच्यातून येता येता बाहेरची हवा गार होईल, आणि सभागृहाच्या डोक्यावर एक उंच मनोरा, ज्यातून आतली गरम हवा आपली आपण वर निघून जाईल. पावसाचं पाणी स्टेजखालच्या टाक्यात साठेल. म्हणजे वर नायक प्रेमभंगानं रडत असला तर खालून साथ द्यायला पाणी तयारच.

हे काम सुखदाला तिच्या डिग्रीमुळे मिळालेलं नव्हतं. "श्रीकांतराव वझलवारांची सून आर्किटेक्ट आहे म्हणे, घरचीच पोरगी, ती करून देईल," असं मंडळाच्या बैठकीत चहा आणि बिस्किटं यांच्या मधल्या वेळात ठरलं होतं. तरी ती हरखली होती. ऋचा झाल्यापासून तिनं कागदावर काढलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऋचाच्या शाळेच्या प्रोजेक्टचा हत्ती. त्यालाही टीचरनी 'सोंड अजून लांब हवी' असा शेरा दिला होता. ही इमारत उभी राहिली तर आपण पुन्हा आर्किटेक्ट, नाहीतर हत्ती, असा सरळ हिशेब होता. आणि राहणार नाही अशी शक्यता चांगलीच होती. रांझीच्या एका ठेकेदारानं मंडळाला आपलंही एक चित्र दिलं होतं. त्यात निळ्या काचेचा एक चकचकीत डबा होता, दर खिडकीखाली एसी होता आणि दारासमोर सोनेरी केसांची चार विलायती माणसं फिरत होती. ही माणसं गोल बाजारात काय घ्यायला आली होती कोण जाणे, पण कमिटीवर त्यांचा फार प्रभाव पडला होता. फैसला रविवारच्या आमसभेत होणार होता.

तोवर सल्ले होतेच. पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या अमितादीदींचा. त्या वाटी परत द्यायला म्हणून आल्या आणि नकाशावरच्या मनोऱ्यावर बोट ठेवून उभ्याच राहिल्या.

"सुखदा, ये क्या है? चिमनी?"

"चिमनी नहीं दीदी, हवा का टावर है. गरम हवा ऊपर से निकल जाएगी."

"देख, बुरा मत मानना. शादी का हॉल और ऊपर चिमनी… लोग क्या समझेंगे? उधर घाट के पास जो बिजलीवाला नया बना है ना, बिल्कुल वैसा दिखता है."

सुखदाला कळायला दोन क्षण लागले. मग तिच्या डोळ्यांसमोर वरात, बँड, फेटे बांधलेले वऱ्हाडी आणि त्यांच्या डोक्यावर विद्युतदाहिनीची चिमणी, असं सगळं एकदम उभं राहिलं. तिनं वाटी घेतली, दार लावलं आणि मनोऱ्याला वर एक छोटी कमान काढली. आता तो कमान असलेल्या विद्युतदाहिनीसारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी, आमसभेत दाखवायला मंजुरी हाती असावी म्हणून, ऋचाला सासूबाईंवर सोपवून ती नकाशे मंजूर करणाऱ्या ऑफिसात गेली. खिडकीपलीकडच्या बाबूजींनी संगणकावर सगळे आकडे भरले, शेवटचं बटण दाबलं, आणि यंत्रानं 'टूं' असा आवाज काढून नकार दिला.

"मैडम, पंखे में जीरो नहीं ले रहा."

"भैया, पंखे हैं ही नहीं."

"हैं नहीं तो क्या हुआ, कॉलम तो है." बाबूजींनी चष्मा वर केला. "इतने लोग बैठेंगे, हवा कहाँ से आएगी?"

"ज़मीन के नीचे से."

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "तिवारी जी, ज़रा इधर आना." तिवारीजी आले. त्यांच्यामागून चहावाला आला, आणि कुठल्यातरी प्लॉटच्या कामासाठी सकाळपासून ताटकळलेले दोन गृहस्थही आले. सुखदानं सगळ्यांना जमिनीखालची नळी, तिथला गारवा, वर चढणारी गरम हवा, असं हात हलवून हलवून समजावलं. ती बोलत असताना सगळे तिच्याकडे इतक्या दयेनं पाहत होते की शेवटी तिला स्वतःचीच दया यायला लागली.

"समझ गए," तिवारीजी म्हणाले. "बहुत बढ़िया. एक पंखा डाल दो."

"पर—"

"अरे मैडम, एक में किसका क्या जाता है?"

सुखदानं एक पंखा टाकला. यंत्रानं 'टिंग' करून तो गोड मानून घेतला. एका पंख्यात कोणाचं काय जातं, हे जगाला कळायला अजून एक दिवस बाकी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे नेमकी लुटीच्या वेळी, खाली लोडिंग ऑटो थांबला आणि त्यातून मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत टेंभे उतरले. विष्णुपंतांची सगळी नोकरी फॅक्टरीत तोफांचे भाग करण्यात गेली होती, त्यामुळे ते कुजबुजत असले तरी पलीकडच्या टेकडीवर ऐकू जाई.

"बेटा! जुनी बिल्डिंग पाडून राहिले! हे तुझ्याकडे ठेवू म्हणतो! दोन-चार दिवस!"

'हे' म्हणजे पंखे होते. जुन्या हॉलचे सगळे. तीसेक असतील. ते एकामागून एक जिना चढून आले आणि दिवाणाखाली, माळ्यावर, बाल्कनीत, फ्रिजच्या मागं, जिथं जागा दिसेल तिथं पाती दुमडून बसले. ऋचा उठून डोळे चोळत बाहेर आली आणि आनंदानं किंचाळली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मराठी माणूस गेला की त्याच्या नावाचा पंखा लागतो. मोठ्या शहरांत लोक इमारतींना, चौकांना नावं देतात; मंडळाच्या आवाक्यात पंखा होता. प्रत्येक पात्यावर लाल रंगात लिहिलेलं: 'कै. दत्तात्रय टेंभे यांच्या स्मरणार्थ', 'कै. यमुनाबाई पराडकर, सुना-नातवंडांकडून'. यात एकच अडचण होती. पंखा चालू असला की नाव वाचता येत नसे. त्यामुळे वीज गेली की हॉलमध्ये इतर लोक हळहळत आणि देणगीदार घराणी खूश होऊन वर बघत.

सुखदानं आयुष्यात अनेक कार्यक्रम त्या पंख्यांखाली बसून ऐकले होते. पण नकाशा काढताना तिच्या डोक्यात फक्त हवा होती. पात्यांवरची माणसं नव्हती.

"काका," ती म्हणाली, "नव्या हॉलमध्ये पंखे नाहीत."

"नाहीत म्हणजे? सीलिंगचे नाहीत? भिंतीवरचे आहेत?"

"कुठलेच नाहीत. लागणारच नाहीत. हवा आपली आपण—"

विष्णुपंत दिवाणावर बसले. त्यांच्या वडिलांचा पंखा नेमका त्याच दिवाणाखाली होता. "एकही नाही?" ते आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले.

"नकाशात एक आहे," सुखदा चटकन बोलून गेली. तिला त्यांना धीर द्यायचा होता.

विष्णुपंत ताठ झाले.

"कोणाचा?"

संध्याकाळपर्यंत नेपियर टाउनपासून रांझीपर्यंत प्रत्येक मराठी घरात कळलं की नव्या हॉलमध्ये एकच पंखा लागणार आहे. आणि वझलवारांचीच सून आर्किटेक्ट असल्यामुळे तो कोणाचा असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कारण वझलवारांचाही पंखा होता. 'कै. श्रीकांत वझलवार यांच्या स्मरणार्थ, पत्नी व मुलगा.' तो पंखे वर आले तेव्हाच सासूबाईंना दिसला होता. सरोजिनीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकानं तेवढं एक पातं पुसलं आणि पंखा आपल्या खोलीत कपाटाशेजारी उभा करून ठेवला. सुखदाला वाटलं, त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सासू बोलते तेव्हा सुनेला निदान उत्तर तरी मनात तयार करता येतं.

"आई, तुम्ही नाराज आहात का?" रात्रीच्या कुकरला शिट्टी लावताना तिनं विचारलंच.

"मी काहून नाराज होऊ गं? तू शिकलेली आहेस, करून राहिलीस तर बरोबरच करून राहिली असशील." सरोजिनीबाईंनी कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं. "हे तर प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसायचे आणि दहाव्या मिनिटाला घोरायचे. मी सुमेधला म्हटलं, पंखाच देऊ. यांना नाही तर निदान बाकीच्यांना जाग राहील." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता नाही लागणार तर नाही. घरात राहील. कपाटाजवळ."

त्या 'कपाटाजवळ'पायी सुखदा कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरली.

सुमेधला, म्हणजे नवऱ्याला, तिनं मत विचारलं. तो रेल्वेत होता आणि मत देण्याआधी वरून आदेश येण्याची वाट बघण्याची त्याला सवय होती. "हे बघ, एकीकडे आई, एकीकडे तू, आणि बाबा कपाटाजवळ. मी न्यूट्रल आहे," असं म्हणून तो झोपायला गेला आणि पलंगाखालच्या पराडकरांवर पायाचं बोट ठेचून परत आला.

मग भेटीगाठी सुरू झाल्या. लोक आपापला पंखा बघायला यायला लागले. आधी नुसते बघून जात, मग बसायला लागले. बसले की चहा आला. यमुनाबाई पराडकरांची तिथी आली, तर सुना-नातवंडं हार घेऊनच आली. पंख्याचा गळा नेमका कुठला यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मोटारीच्या वाटीला घातला. जाताना त्यांनी खिरीचा डबा ठेवला, त्यामुळे शेजारच्या पंख्यांची घराणी चिडली.

पण सगळ्यांत भारी होत्या नर्मदाकाकू घाटे. त्यांच्या यजमानांचा पंखा बाल्कनीत होता. त्या रोज सकाळी येत, बरोबर फडकं आणि भांडी घासायची पावडर आणत, पंखा घासत आणि घासता घासता सुखदाला ऐकवत.

"तुमच्या हॉलमध्ये आम्हांला जागा नाही ना? नसू द्या. इतकी वर्षं हे तिथं सगळ्यांना वारा घालून राहिले, कधी एक शब्द बोलले नाहीत."

"काकू, ते पंखा आहेत. म्हणजे काकांचा पंखा—"

"हो, हो! तेच तर! जिते होते तेव्हाही बोलत नव्हते!"

ऋचाला मात्र आयुष्यात इतकी सोबत कधी मिळाली नव्हती. तिला अक्षरं नुकतीच लागली होती. ती एकेका पात्यावर बोट फिरवून नाव वाची आणि मग त्याच्याशी बोले. "टेंभे आजोबा, तुम्ही दिवाण के नीचे छुपे हो. मी तुम्हांला शोधून काढलं!" रात्री निजताना ती सगळ्या पंख्यांना नावानं गुड नाइट करी. त्यात बराच वेळ जाई, पण तेवढ्या वेळात सुखदाच्या दोन रेघा मारून होत. तिला वाटे, या घरात पंख्यांमुळे फायदा झालेलं हे एकच माणूस.

रविवार आला. आमसभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. तिथं पंखे होते आणि सभासदांनी ते मुद्दाम फुल स्पीडवर ठेवले होते. सुखदा चुकवलेल्या झोपांतून तयार केलेलं पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आली. मॉडेल सुरेख झालं होतं. छोट्या भिंती, छोटं स्टेज, आगपेटीच्या काड्यांच्या खुर्च्या, वर मनोरा. फक्त मनोऱ्याच्या टोकावर ऋचानं निघायच्या आधी आपली भिंगरी खोचून ठेवली होती, ग्वारीघाटावरून आणलेली, गुलाबी कागदाची. "वरती खाली-खाली दिसत होतं," असं तिचं म्हणणं. ही गोष्ट सुखदाच्या लक्षात आली तेव्हा मॉडेल टेबलावर होतं, पहिली रांग भरली होती आणि ऋचा आजीच्या मांडीवर बसून अभिमानानं सगळ्यांना सांगत होती, "वो पिंकवाली मैंने लगाई." भिंगरी काढली असती तर आधी ऋचा रडली असती आणि मग सुखदा. भिंगरी राहिली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आता समजलं. पंखा हाच आहे." लोक हसले. सुखदानं पदवीच्या वेळी शिकवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं.

ठेकेदाराच्या काचेच्या डब्याचं चित्र शेजारीच लावलेलं होतं. विलायती माणसं त्यात अजूनही फिरत होती.

आता सुखदानं बोलायचं. तिनं तोंड उघडलं आणि विष्णुपंत गरजले, "थांब बेटा! दीपप्रज्वलन!"

दिव्याशिवाय मराठी माणूस सभा सुरू करू शकत नाही. आणि पंखे चालू असताना दिवा लावू शकत नाही. हे दोन्ही नियम सगळ्यांना पाठ असल्यामुळे सांगावं लागलं नाही; कोणीतरी उठून पटापट सगळी बटणं बंद केली. हॉलमध्ये उकाडा तुटून पडला. समई शोधली तर ती जुन्या सामानाबरोबर कुठंतरी गेली होती. शाळेच्या देवघरातून एक निरांजन मिळालं. ते ठेवायला टेबलावर जागा नव्हती, सगळी मॉडेलनं व्यापलेली. विष्णुपंतांना कल्पना सुचली.

"नव्या वास्तूचा पहिला दिवा नव्या स्टेजवरच!"

टाळ्यांच्या गजरात त्यांनी पेटतं निरांजन सुखदाच्या पुठ्ठ्याच्या स्टेजवर ठेवलं.

"काका, ते पुठ्ठ्याचं—" सुखदा म्हणाली. टाळ्यांत ऐकू गेलं नाही.

मग टाळ्या थांबल्या. हॉलमध्ये पान हलत नव्हतं. लोक रुमालानं माना पुसत बसले होते. आणि मनोऱ्यावरची गुलाबी भिंगरी फिरायला लागली.

आधी एक हिसका, मग हळूहळू, मग छान लयीत.

पहिल्यांदा नर्मदाकाकूंनी पाहिलं. "अगं बाई! ही काहून फिरून राहिली? पंखे तर बंद आहेत!"

"काकू, खाली दिवा आहे ना," सुखदा म्हणाली, "त्याची गरम हवा मनोऱ्यातून वर जाऊन राहिली." आपण नागपुरी बोलून राहिलो हे तिच्या लक्षातही आलं नाही. "हॉलमध्ये दिव्याऐवजी माणसं असतील. माणसाच्या अंगालाही ऊब असते. तुम्ही सगळे जमलात की तुमची ऊब वर जाईल आणि खालून गार हवा येईल."

"म्हणजे आम्ही बसलो की ते फिरेल?"

"हो."

"आणि कोणी नसलं की?"

"मग थांबेल."

नर्मदाकाकू भिंगरीकडे बघत राहिल्या. सरोजिनीबाईही बघत होत्या. सुखदानं त्या दोघींकडे पाहिलं, आणि तिनं न ठरवलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं. "आपले सगळे पंखे तिथंच लावू. मनोऱ्यात, एकावर एक. मोटारी काढून टाकू, नुसती पाती ठेवू. वीज नको. माणसं जमली की फिरतील."

सगळ्यांच्या माना पुन्हा भिंगरीकडे वळल्या.

"इतकी हळू फिरतील," ती म्हणाली, "की नावं वाचता येतील."

हॉलमध्ये एक मोठा 'हाSS' असा आवाज झाला. तो आनंदाचा होता असं सुखदाला वाटलं. अर्धा आनंदाचा होता. उरलेला अर्धा, पुठ्ठ्याच्या स्टेजच्या पडद्यानं पेट घेतला म्हणून होता.

पुढचं सगळं फार वेगात झालं. पडद्यातून छत, छतातून मनोरा. भिंगरी एक क्षण वेड्यासारखी गरगरली आणि मग नाहीशी झाली. ऋचानं भोंगा पसरला. लोक धूर वारायला हात वर करून हलवू लागले, कोणी "पाणी! पाणी!" म्हणून ओरडायला लागले. विष्णुपंतांनी फॅक्टरीतल्या शिस्तीनं परिस्थितीचा ताबा घेतला आणि सभेनंतर वाटायला ठेवलेलं मठ्ठ्याचं सबंध पिंप नव्या वास्तूवर ओतलं. आग विझली. जिऱ्याचा खमंग वास सुटला. ठेकेदाराच्या चित्रावरही मठ्ठा उडाला होता, आणि त्यातल्या एका विलायती बाईच्या सोनेरी केसांना कोथिंबीर चिकटली होती.

सेक्रेटरी मागच्या कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होते. त्यांना कमी ऐकू येई. त्यांनी सगळ्यांचे वर गेलेले हात पाहिले आणि लिहून टाकलं: 'ठराव एकमताने मंजूर.'

इमारत उभी राहायला दोन उन्हाळे गेले. त्यात जे झालं ते सगळं सांगायचं तर ऋचा मोठी होऊन आपली स्वतःची मुलं झोपवायला लागेल. जमिनीखालची नळी खणताना एक प्रचंड काळा पाषाण लागला. जबलपूरमध्ये कुठंही खणलं की तो लागतोच. नळीनं त्याला मुकाट वळसा घातला. वास्तुतज्ज्ञांनी मनोरा नैर्ऋत्येला न्यायला सांगितला, मग दुसऱ्या वास्तुतज्ज्ञांनी तिथून काढायला सांगितला, आणि तो आपोआप जागेवर आला. पात्यांना तेलपाणी आणि बेअरिंग विष्णुपंत आणि त्यांच्या रिटायर दोस्तांनी केलं. हे लोक रोज सकाळी पोळी-भाजीचा डबा घेऊन ड्युटीवर निघाल्यासारखे येत. "तोफा फिरवल्या आम्ही!" विष्णुपंत म्हणत. "हे तर बाबा आहेत!"

शेवटी तपासणीला बाबूजी स्वतः आले. त्यांनी कागद पाहिला, मान वर केली आणि मनोऱ्यात एकावर एक टांगलेले पंखे पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मैडम! नक्शे में एक, और ऊपर तीस?"

"ये बिजली के नहीं हैं भैया. ये… हमारे बुज़ुर्ग हैं." सुखदानं नावं दाखवली.

बाबूजींनी एकेक नाव वाचलं. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, पुन्हा चपला घातल्या आणि कागदावर लिहिलं: 'सजावट'. नकाशातला तो एक विजेचा पंखा चौकीदाराच्या खोलीत लागला. त्यावर कोणाचंच नाव नाही, म्हणून चौकीदार भैया अधूनमधून विचारतात, "दीदी, इस पे किसका डालना है?"

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला बोलावत होतं. लोक घामाघूम होऊन आत आले आणि दारातच थबकले. गार होतं. फ्रिजसारखं नाही, नदीकाठच्या सावलीसारखं. अमितादीदी अंगावर शहारा आणून म्हणाल्या, "चिमनी तो काम की निकली." सुखदानं ही प्रशस्ती दोन्ही हातांनी घेतली.

पण पंखे फिरत नव्हते.

पहिल्या रांगा भरल्या. पंखे थांबलेले. विष्णुपंतांचं भाषण सुरू झालं, त्यालाही ते हलले नाहीत. सुखदा खांबाला पाठ लावून उभी राहून मागच्या रिकाम्या खुर्च्या मोजत होती. मागं कुजबुज सुरू झाली. नर्मदाकाकू मान मागं टाकून, पापणी न हलवता वर बघत होत्या. सुखदाला वाटलं, आता आपण खरंच हत्ती.

मग उशिरा येणारी माणसं आली, म्हणजे उरलेला सगळा समाज आला. मुलं मधल्या वाटेत बसली, बायका भिंतीशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. हॉल भरला. आणि सगळ्यांत वरचं एक पातं, कोणी हळूच ढकलावं तसं, सरकलं.

"घाटे!" कोणीतरी ओरडलं.

मग पराडकर. मग टेंभे. एकामागून एक, जागे होत होत, सगळे. सावकाश, नावं वाचता येतील अशा चालीनं. विष्णुपंतांचं भाषण मध्येच थांबलं आणि ते त्यांनी पुन्हा कधीच पुरं केलं नाही. त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वोत्तम भाषण मानलं जातं. नर्मदाकाकू डोळ्यांना पदर लावून शेजारणीला म्हणाल्या, "बघा, सगळ्यांच्या आधी! जिते होते तेव्हा साधं दार उघडायला उठत नव्हते."

फक्त एक पंखा थांबलेला होता. सुखदानं नाव वाचलं आणि तिच्या काळजात लक्क झालं. कै. श्रीकांत वझलवार. सगळ्यांचे फिरत होते, नेमका घरचाच ठप्प. बेअरिंग अडकलं असणार. ती चोरट्यासारखी सासूबाईंजवळ जाऊन बसली.

"आई, बाबांचा… मी उद्या बघते, बहुतेक तेल—"

सरोजिनीबाई वर बघत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. सुखदा घाबरली. मग तिला दिसलं की त्या हसून राहिल्यात.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "भाषण सुरू होतं ना. झोपले."

सुखदालाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवून वर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ऋचा दोघींच्या मधे घुसली. आता ती पहिलीत होती आणि सगळी नावं झरझर वाचायची. तिनं मान मागं टाकली आणि खालपासून वरपर्यंत एकेक ओळखीचं माणूस मोजल्यासारखं बोट दाखवलं. झोपलेले आबा. टेंभे आजोबा. पराडकर आजी. घाटे आजोबा. आबा. मग बोट आणखी वर गेलं, मनोऱ्याच्या टोकाशी, जिथं नुसता उजेड होता आणि अजून बरीच जागा शिल्लक होती.

"आई," ती सुखदाच्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि तुझा पंखा कुठे लावायचा?"